कवडशाला अस्तर

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या खिडकीतला डोंगर जातो. पावसाळाभर तो इतका जवळ असतो की हात लांब केला तर ओल्या गवताला लागेल असं वाटतं. मग एका सकाळी चहाचा कप घेऊन उभं राहावं, तर समोर नुसता करडा पडदा. आधी रबाळ्याच्या बाजूच्या चिमण्या पुसट होतात, मग विजेचे मनोरे, मग डोंगर, आणि सगळ्यात शेवटी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्या. घशाशी एक चव येऊन बसते, ओल्या सिमेंटला जीभ लावल्यासारखी. नवी मुंबईत थंडी पडत नाही असं देशावरचे आमचे पाहुणे म्हणतात, ते काही खोटं नाही. घणसोलीची थंडी अंगाला कळत नाही. छातीला कळते.

यंदाचा डोंगर परवा गेला. मी खिडकीशी उभा होतो आणि मागे न बघताच म्हणालो, “आई, डोंगर गेला गं.”

ही बातमी द्यायचा मान खरं तर तिचा. पूर्वेकडची खोली तिची, खिडकीला टेकून तिची शिलाई मशीन, आणि मशीनवर वाकलेली ती. “सुऱ्या, डोंगर गेला बघ,” असं ती म्हणायची आणि पाठोपाठ खोकायची. आम्ही म्हणायचो, जाईल कुठे, होळीपर्यंत येईल. आणि यायचाही. मागच्या होळीला देखील आला, अगदी वेळेवर. आई तेवढी थांबली नाही.

तर ही मागच्या हिवाळ्याची गोष्ट. गोष्ट म्हणण्याइतकं त्यात काही घडलं नाही. एक मशीन बिघडलं, आणि ते मी दुरुस्त करायला घेतलं. मला ओळखणारे लोक एवढ्यावरच हसतील. घरातला एकही बिघाड मी आजवर आहे तेवढाच ठेवलेला नाही. माझ्याकडे पेचकसांचा एक सुंदर डबा आहे. त्यातला एकच पेचकस सगळीकडे लागतो, आणि नेमका तोच सापडत नाही. दिवसभर द्रोणागिरीच्या गोदामात कंटेनर कुठे अडकला हे फोनवर शोधायचं आणि घरी येऊन मिक्सर का अडकला हे शोधायचं, असा माझा जन्म चालला आहे. विद्या, म्हणजे माझी बायको, मी पेचकस उचलला की शांतपणे मेकॅनिकला फोन लावून ठेवते.

मशीन पाठवलं मितालीने. आमची मुलगी, बंगळूरला नोकरीला. आजीच्या खोकल्याचे आवाज ती फोनवरून ऐकत होती आणि तिकडे बसून तिने काय काय वाचलं होतं. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी अशी ती पांढरी डबी, पुढे आकडा दाखवणारा पडदा, बाजूंना बारीक फटी. हवेतली बारीकात बारीक धूळ मोजते. चांगली हवा असली तर हिरवा दिवा, मध्यम असली तर पिवळा, वाईट असली तर लाल, आणि फारच वाईट असली तर वर एक बारीक ‘टीं’.

आईची फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी त्याचा इतिहास एका वाक्यात सांगितला होता: आधी चुलीचा धूर, मग वर्षानुवर्षं शिलाई करताना उडणारा कापसाचा तूस, आणि आता ही हवा. पंप होता, वाफेचं मशीन होतं, गोळ्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते की औषध एका बाजूने ओढतंय आणि हवा दुसऱ्या बाजूने, तेव्हा हवेचं काहीतरी बघा. ते बघायला म्हणून ती डबी आली.

मितालीने व्हिडिओ कॉलवर आजीला समजावलं होतं. आत एक चिमुकला पंखा असतो, तो हवा ओढून घेतो. आत एक बारीक उजेड सोडलेला असतो. हवेतला कण त्या उजेडातून गेला की चमकतो. चमकला की मशीन मोजतं. मी मान डोलावत होतो, आणि मला काही कळलं नव्हतं. आई मात्र चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, “म्हंजे कवडसा कोंडून ठेवलाय आत.”

मिताली हसली आणि म्हणाली, अगदी तेच आजी.

आईच्या महाडकडच्या माहेरघराला कौलं होती, तीही गळकी. उन्हाळ्यात त्या फटींमधून उजेडाचे खांब घरात उतरायचे आणि त्यांत धूळ नाचत असायची. ती आणि तिची भावंडं ती धूळ मुठीत धरायला बघायची. मूठ उघडली की आत काही नाही. “नुसतं लखलखायचं,” ती सांगायची, “आनि हात आपला रिकामा.” हे सांगताना तिची मूठ आपोआप मिटायची. सत्तरी ओलांडलेल्या बाईची ती मूठ मला अजून दिसते. सुईने टोचून टोचून बोटांची टोकं खरखरीत झालेली.

तर तो कोंडलेला कवडसा आमच्या हॉलमध्ये शोकेसवर बसला आणि लाल झाला.

पुढे त्या लाल दिव्याने घराचा ताबाच घेतला. खिडक्या बंद. गॅलरीत कपडे झटकायला बंदी. फोडणी द्यायची तर स्वयंपाकघराचं दार लावून, आतल्या माणसाने आतच खोकायचं. मी कामावरून आलो की बूट काढायच्या आधी आकडा बघायचा आणि तोंड पाडायचं. विद्या म्हणायची, “अहो, पूर्वी तुम्ही आल्यावर चहा मागायचात, आता नुसते त्या डबीला विचारता.” मग मी अगरबत्तीवर आलो.

आमच्याकडे संध्याकाळी बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते, त्रिशरण-पंचशील होतं. ते आईचं काम. लग्न होऊन आली तेव्हापासून, भाड्याच्या खोलीत होतो तेव्हाही, वडील रबाळ्याच्या कंपनीतून दुसऱ्या पाळीने यायचे तेव्हाही. अगरबत्तीचा वास आला की दिवस संपला असं आम्हा भावंडांच्या डोक्यात बसलेलं. मी एकदा मशीन मूर्तीजवळ नेलं, तर ‘टीं’ करत ते असं किंचाळलं की शेजारचे विचारायला आले. अगरबत्ती बंद झाली. मितालीच्या सांगण्यावरून मेणबत्तीही गेली. मी बॅटरीवर चालणारी, लुकलुकणारी मेणबत्ती आणली. आईने ती हातात घेऊन सगळीकडून पाहिली आणि विचारलं, “हिला फुंकर मारली तर जाते का?”

एवढं करूनही दिवा लालच. तेव्हा मी ठरवलं की आईला गावाला पाठवायचं. माझा धाकटा भाऊ दिलीप तिकडेच, महाडकडे आईच्या गावात असतो, त्याने स्लॅबचं घर बांधलंय, पुढे आंब्याची झाडं आहेत, जवळ कंपनी नाही, बांधकाम नाही. होळीपर्यंत राहील, हवा निवळली की आणू. दिलीप आनंदाने हो म्हणाला. विद्याने बॅग काढली. आईला मी हे सगळं फार उत्साहाने सांगितलं. तिकडची मोकळी हवा, सकाळचं ऊन, वगैरे. ती उठून शिलाई मशीनवर बसली आणि पायडल मारायला लागली. तिला राग आला, आनंद झाला, दुःख झालं की ती शिवायला बसायची. पायडलच्या आवाजावरून काय झालंय ते ओळखायची कला वडिलांना होती. ती आम्हा मुलांकडे आली नाही.

त्या दिवशी तिने त्या डबीला कव्हर शिवलं.

यात आमच्यापैकी कोणालाही काही विशेष वाटलं नाही, हे समजण्यासाठी आमचं घर बघायला हवं. आमच्या घरात उघडं असं काही नाही. मिक्सरला कव्हर आहे, गॅसच्या सिलिंडरला झालरीचं कव्हर आहे, टीव्हीला होतं, वॉशिंग मशीनला आहे, शिलाई मशीनला आहे, आणि त्या कव्हराची घडी ठेवायला एक पिशवी आहे. रिमोट अजून त्याच्या कारखान्यातल्या प्लास्टिकमध्येच आहे. त्याची बटणं आम्ही अंदाजाने दाबतो. वस्तू घेतली की तिला धूळ लागू नये, हा आईचा धर्म. तेव्हा धूळ मोजायच्या वस्तूला धूळ लागू नये म्हणून तिने कव्हर शिवलं, यावर मी फोनवर मितालीला एक विनोदही ऐकवला. निळ्या कापडावर पांढरी बारीक फुलं, विद्याच्या ब्लाउजपीसमधून उरलेलं. आकडा दिसावा म्हणून पुढे प्लास्टिकची खिडकी. वायर जायला खाली भोक. बाकी चहूबाजूंनी शिवून बंद. खाली पडून फुटायला नको, ती म्हणाली.

मिताली म्हणाली, “आजी, फटी झाकू नकोस गं, हवा आत जायला पाहिजे.” तर आजीचं उत्तर तयार होतं: फटींसमोर तिने काजं केली होती. एकेकाळी ती शर्टांची काजं हाताने करून द्यायची, घरबसल्या. तशीच, एकासारखं एक, बाजूने घट्ट विणलेली. मी कॅमेरा जवळ नेऊन मितालीला दाखवलं. इतकी देखणी भोकं कुठल्याही कंपनीच्या मशीनला नसतील.

आणि हवा सुधारली.

दोन दिवसांत लालचा पिवळा झाला आणि मग हिरवा. आकडा उतरत उतरत पाचावर आला आणि तिथे असा बसला की जणू पाचच त्याचं गाव. मी याचं श्रेय तातडीने घेतलं. ओल्या फडक्याने फरशी पुसायची सक्ती माझी होती, कोपऱ्यातल्या दोन कुंड्या माझ्या होत्या. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी लोकांना थांबवून पाच सांगायला लागलो. तळवलीच्या बाजूला राहणारा आमचा एक नातेवाईक घरी आला, तो डबीकडे बघून हळहळला. त्याच्याकडे रस्ता फोडलेला होता. मी त्याला कुंड्या सुचवल्या.

पाच असताना आईला गावाला कशाला पाठवायचं? बॅग पुन्हा माळ्यावर गेली. खिडक्या उघडल्या. शेजारी टॉवरचं काम चालू होतं, सिमेंट कालवणाऱ्या गाड्या फाटकासमोर रांग लावायच्या, डोंगर तर दिवाळीपासून दिसलाच नव्हता. पण डबी पाच म्हणत होती. आपण आपल्या डोळ्यांना किती कमी किंमत देतो ते मला त्या हिवाळ्यात कळलं. समोर धूर आहे, आणि मी त्याच्याकडे पाठ करून आकडा वाचतोय.

आई मात्र खोकत होती. आधी सकाळचा होता, मग दुपारचाही झाला. जिना नको म्हणायला लागली, मग बाजार नको. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करायची, सुईत दोरा ओवताना थांबतात तशी. डॉक्टरांनी विचारलं, घरातली हवा कशी आहे? मी छाती पुढे काढून म्हणालो, उत्तम. मोजतो ना आम्ही. त्यांनी औषध वाढवलं. आई खुर्चीत बसून स्वतःच्या पदराचा काठ बघत होती.

संशय आला तो मिरचीमुळे. विद्याने लाल मिरच्या भाजायला घेतल्या आणि दार लावायला विसरली. ती खोकली, मी खोकलो, जिन्यातून जाणारा दूधवाला खोकला. आई तर खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी काढत मी शोकेसकडे पाहिलं. पाच. हिरवा.

मग माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. मी चार्जर बदलला. वायरच्या भोकातून टाचणी घालून आतलं बटण दाबून मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मितालीने पाठवलेलं काहीतरी मोबाईलमधून त्यात भरलं. कानाला लावून पंखा फिरतोय का ऐकलं, फिरत होता. एका रविवारी ते छोट्या बॅटरीला जोडून मी खाली घेऊन गेलो आणि सिमेंटच्या गाड्यांच्या मागे, धुळीत, निळ्या फुलांच्या कपड्यातली ती डबी दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. आठ. वॉचमन यादवजी मिशीत हसले. “साहब, इसको बोलो हमारे बदले ड्यूटी करे. इसको कुछ नहीं होता.”

मितालीने विचारलं होतं, “बाबा, कव्हर काढून पाहिलंत का?”

मी म्हणालो, “अगं, त्याला भोकं आहेत.”

हे आमच्या घरातलं उत्तर आहे. कव्हर काढून बघणं हा उपाय आम्हाला सुचतच नाही. कव्हर हे वस्तूचं अंग असतं, आणि हे तर शिवूनच टाकलेलं. ते उसवायचं म्हणजे आईचे टाके उसवायचे. उसवायला घेतलं असतं तर तिने काय म्हटलं असतं ते आजही सांगता येत नाही.

शेवटी मितालीने शेवटची परीक्षा सुचवली. एक अगरबत्ती लावायची आणि मशीनसमोर धरायची. आकडा शंभराच्या वर उडाला तर मशीन ठीक. नाही उडाला तर आतला डोळा गेला. मी उठायच्या आत आई उठली. “मी लावते,” ती म्हणाली.

किती दिवसांनी तिच्या हातात काडी होती. पुडा तिने फेकला नव्हता, स्वतःच्या कपाटात साड्यांखाली ठेवला होता. अगरबत्ती पेटली, टोक लाल झालं, आणि ती लगेच मशीनकडे न वळता क्षणभर मूर्तीकडे वळली. डोळे मिटले. मग काजांसमोर धरली. धूर निळ्या कापडावर आपटून वर जात राहिला. मी आकडा बघत होतो, मिताली मोबाईलच्या पडद्यातून मला बघत होती, आणि आई धूर ओढून घेत होती. खोकली, पण हात हलवला नाही. आकडा पाचाचा नऊ झाला आणि पुन्हा खाली आला.

“गेला बाबा सेन्सर,” मिताली म्हणाली. “परत पाठवू. बदलून देतील.”

आई उरलेली अगरबत्ती मूर्तीपुढे खोचून म्हणाली, “आता लावलीच हाय तर जळू दे.” त्या संध्याकाळी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. आज वाटतं, त्या वासासाठी तिची पकडलं जायचीही तयारी होती.

बदलून देणाऱ्या कंपनीची अट होती की मशीन नुसतं पाठवायचं, सोबत काही नको. दुपारी आई पडली होती. मी ब्लेड घेऊन शिवण उसवली. कव्हर निघालं, उलटं झालं, आणि आतून फ्लॅनेल दिसलं.

अस्तर होतं. बाहेरून काजं, उघडी, देखणी. आणि प्रत्येक काजामागे मऊ फ्लॅनेलचे दोन पदर, कडेने बारीक धावदोऱ्याने बसवलेले. कापड मी ओळखलं. मितालीचं दुपटं, पिवळ्या बदकांचं. बाहेरून बघणाऱ्याला भोकातून नुसता अंधार दिसायचा, आणि अंधार म्हणजे आत जायची वाट असंच आपण समजतो. त्या अस्तरातून जेवढी हवा गाळून जायची तेवढीच मशीन मोजत होतं. ते एक दिवसही खोटं बोललं नव्हतं. त्याच्याजवळ पोचलेली हवा खरोखरच उत्तम होती.

टेबलावर उघडी पडलेली डबी चालूच होती. बघता बघता पाचाचे तीस झाले, तिसाचे नव्वद. मग पिवळा, मग लाल. मग ‘टीं’.

आई त्या आवाजाने उठून बाहेर आली. विद्याने चहा ठेवला होता. मी कव्हर उलटं करून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने चष्मा लावला, अंगठा शिवणीवरून फिरवला. लाजली नाही, दचकली नाही.

“का केलंस आई?”

“मला गावाला जायचं नवतं.”

मी आवाज चढवणार होतो. विद्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणून चढवला नाही. मी एवढंच म्हटलं की तिकडची हवा चांगली आहे गं, तुझ्याच छातीसाठी.

“तिकडची हवा तवापन चांगलीच होती,” आई म्हणाली. मध्ये थांबून तिने श्वास गोळा केला. “आमची वस्ती कुठं होती ठावं हाय ना तुला? वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आमच्यावरनं गेलेला वारा गावात शिरू नये म्हनून. गावाचा धूर, गावाची घान, सगळी आमच्या दारावरनं जायाची. पोर होते तवर मला वाटायचं, वारा असाच असतो. हितं आलो, ही खिडकी उघडली, आनि वारा सरळ तोंडावर आला. कोनाला न इचारता.” चहाची बशी तिने तशीच खाली ठेवली. “वाईट तर वाईट. माझ्या खिडकीतनं येतो.”

मी म्हणालो, आता तिथे तसं काही राहिलेलं नाही, दिलीपच्या घराला कोण काय म्हणतंय?

“कोन नाय म्हनत,” ती म्हणाली. “छातीला आठवतं.”

विद्या उठली आणि माळ्यावर चढवलेली बॅग तिने तिथून काढून शेजारणीला देऊन टाकली. 

आई राहिली. आणि राहिली म्हणून मग आम्ही ती खोली तिच्यासाठी तयार केली. हवा शुद्ध करणारं मोठं मशीन आणलं, डबीही आता उघडीच तिथे नेऊन ठेवली. दाराखाली कापडाची गुंडाळी लावली. तीही तिनेच शिवली. खिडकीच्या फटींना मी फोमची पट्टी चिकटवली, एकही फट न ठेवता. माझ्या आयुष्यातलं पहिलं काम, जे पहिल्या झटक्यात नीट झालं. चिकटवून झाल्यावर बोट फिरवून बघताना माझ्या ध्यानात आलं की या खिडकीसाठीच ही बाई इथे राहिली आहे. मी तिच्याकडे बघितलं. “काच तरी ठेवलीस,” ती म्हणाली.

त्या काचेसमोर ती उरलेला हिवाळा बसली. शिवणं थांबलं, तूस उडतो म्हणून. मोठ्या मशीनची घरघर चालू असायची आणि तिचा आवाज त्यात बुडायचा, त्यामुळे ती बोलणंही कमी करत गेली. एकदा तिने विद्याला खुणेने पट्टी दाखवली. विद्याने एक टोक उकललं, बोटभर फट केली. आईने फटीला नाक लावलं. थोड्या वेळाने विद्याने पट्टी परत बसवली, कारण आकडा चढत होता. हे विद्याने मला फार नंतर सांगितलं, भांडी घासता घासता, पाठमोरी.

होळीच्या थोडं आधी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला नळी लावली तेव्हा तिने मला जवळ बोलावून विचारलं, ही कुठली हवा? मी म्हटलं, बाटलीतली. तिने मान डोलावली. दोन दिवसांनी गेली.

मी डॉक्टरांना विचारलं होतं. अस्तराच्या मागे आम्ही खिडक्या उघड्या टाकून बसलो ते आठवडे तिला भोवले का? की चुलीने नेलं, की शिलाईने, की या बंद खोलीने? ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, असं वेगळं काढून सांगता येत नाही. मला गोदामातली सवय. कंटेनर कुठे अडकला ते शोधलं की सापडतं. हे सापडत नाही. हवा आली आणि गेली. कोणत्या हवेत काय होतं हे कोण सांगणार? मूठ उघडावी तर आत काही नाही.

आणि आता डोंगर पुन्हा गेलाय. दिवाळीला आलेली मिताली अजून इथेच आहे. तिच्या आजीच्या खोलीतलं मोठं मशीन विद्या रोज संध्याकाळी लावते. का, असं मी विचारत नाही. आम्ही तिघंही दाराशी उभे राहतो आणि डबीकडे बघतो. पाच. हा पाच खरा आहे. अस्तर नाही, काज नाही, फट नाही. इतकी चांगली हवा या सबंध परिसरात कुठे नसेल, आणि ती घ्यायला त्या खोलीत कोणी नाही.

काल मिताली आत गेली आणि तिने खिडकीची पट्टी नखाने उकलायला सुरुवात केली.  पट्टी निघताना रंगाचे पोपडे घेऊन निघाली. कामच तसं मी पक्कं केलं होतं. खिडकी उघडली. मिक्सर गाड्यांचा आवाज आत आला, ओल्या सिमेंटची चव आत आली, आणि वारा आला, सरळ तोंडावर. विद्याने साड्यांखालचा पुडा काढला. हॉलमधली मूर्ती आणून शिलाई मशीनच्या फळीवर ठेवली. खरी मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली.

आम्ही हात जोडले तोच डबी ओरडली. लाल. ‘टीं’. मितालीने आवाज बंद करायचं बटण शोधलं, सापडेना. मोठं मशीनही त्या धुराने चिडल्यासारखं घरघरायला लागलं. विद्या म्हणाली, “अहो, काहीतरी करा ना त्याला.”

घरातला मेकॅनिक मी. आईच्या शिलाई मशीनचा खण उघडला. निळं कव्हर तिथेच होतं, उसवलेली बाजू विद्याने कधीतरी परत शिवून ठेवलेली, फक्त खालून उघडी. मी ते डबीवरून खाली ओढलं आणि काजं फटींसमोर नीट बसवली.

एक-दोनदा ओरडून ती गप्प झाली. अगरबत्तीचा धूर मूर्तीसमोरून खिडकीकडे वळला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तिघांच्या तीन चालींत, मध्येमध्ये खोकत. पंचशील संपलं तेव्हा मी डोळे उघडले. प्लास्टिकच्या खिडकीत आकडा उतरत होता. बाहेर डोंगर नव्हता, आणि डबीवर हिरवा दिवा लागला होता.